तात्या चाल बघायला जातात

सोनई,
गुरुवार, शाळा सुटल्यावर

तीर्थरूप आत्याबाईंस,

विजूचा डोकं टेकवून नमस्कार. (गुडघे टेकून असंच लिहिणार होते, पण सध्या आपल्या घरात तो विषय नाजूक आहे.) तुमचा खोकला कसा आहे? आल्याचा काढा घेता, की संस्कृतीला दाखवून तुळशीत ओतता? पाथर्डीकडे यंदा बाजरी बरी आली असं ऐकलं, ते खरं असू दे. इकडे आम्ही सगळे बरे आहोत. माझा चष्म्याचा नंबर वाढला आणि शाळेत मुलांचा दंगा वाढला, बाकी नवीन काही नाही.

फोन असताना पत्र का, असं तुम्ही विचाराल. आत्या, फोनवर तुम्ही माझं सगळं मन लावून ऐकता, मध्येमध्ये "व्हय, व्हय" म्हणता, आणि शेवटी विचारता, "पर कोन बोलतंय?" मागच्या रविवारी मी वीस मिनिटं तात्यांच्या गुडघ्यांवर बोलले आणि तुम्ही फोन ठेवता ठेवता पोरीकडचे लोक कुठले म्हणून विचारलंत. म्हणून हे पत्र. संस्कृती वाचून दाखवील. (संस्कृती बाळा, आजीच्या उजव्या कानाशी बस, सावकाश वाच. कंसातलं वाचायचं की गिळायचं, ते तिचं तोंड बघून ठरव.)

आधी मुद्द्याचं सांगते, कारण मी लिहायला लागले की मुद्दा मागच्या बाकावर जाऊन बसतो. तात्यांचे दोन्ही गुडघे संपले आहेत. नगरच्या डॉक्टरांनी ऑपरेशनला येत्या बुधवारची तारीख दिली आहे, आधी उजवा आणि तो सुधारला की डावा. आणि तात्या म्हणतात, आक्काला विचारल्याबिगर मी टेबलावर चढणार न्हाई. आजी गेली तेव्हा ते चार वर्षांचे होते आणि तुम्ही अकरा. तुम्ही त्यांच्या बहीण कमी आणि आई जास्त, हे आम्हाला ठाऊक आहे. पोळ्याला तुम्ही आमच्या ओसरीवर बसून सांगितलंत की देवानं दिलेलं हाड हाय, त्याला करवत लावू द्यायची न्हाई. तेव्हापासून तो गुडघा आणि आम्ही सगळे जिथल्या तिथे अडकलो आहोत. म्हणून परवा मंगळवारी नगरला काय काय झालं ते सगळं तुम्हाला कळायला हवं. मग काय ते तुम्ही ठरवा.

तात्या दवाखान्यात यायला तयार झाले तेच मुळी एका अटीवर. घोडेगावच्या बाजारात पन्नास वर्षं दलाली केलेला माणूस. शेती सांभाळून प्रत्येक शुक्रवारी बाजाराच्या तोंडाशी उभं राहायचं आणि दुरून येणाऱ्या बैलाची चाल बघून सांगायचं, मागच्या डाव्या खुरात दोष आहे, मालक लपवतोय. तात्यांनी आयुष्यात एकही जनावर चालवून बघितल्याशिवाय घेतलेलं नाही आणि घेऊ दिलेलं नाही. त्यामुळे त्यांचं म्हणणं असं की डॉक्टर कितीका मोठा असेना, त्यानं हातानं केलेले गुडघे आधी मला चालवून दाखवावेत. वाल्मिकनं कपाळाला हात लावला. (तुमचा हा भाचा नागापूरच्या कारखान्यात गेली अठरा वर्षं ग्राइंडिंग मशीनवर आहे. कपाळाला हात लावला की कपाळ काळं होतं.) मी मात्र दवाखान्यात फोन करून विचारलं, आणि तिथली मुलगी न हसता म्हणाली की मंगळवारी जुने पेशंट तपासणीला येतात, आजोबांना सकाळी नऊला आणा, मनसोक्त बघू दे.

तर मंगळवारी नऊ वाजता आम्ही नगरमध्ये हजर. (पाट्यांवर आता अहिल्यानगर आहे, पण एस.टी.चा कंडक्टर अजून नगरच ओरडतो आणि तात्याही.) लांबलचक व्हरांडा, दोन्ही बाजूंना बाकं. तात्यांनी बरोबर दाराच्या तोंडाशी जागा धरली, काठी दोन पायांमध्ये रोवली, टॉवेल खांद्यावर टाकला आणि बाजार सुरू झाला. आत्या, मला जमीन दुभंगेल तर बरं असं झालं होतं. येणाऱ्या प्रत्येकाच्या पायांकडे टक लावून बघायचं आणि मग मोठ्यानं निकाल. "ही बाई ब्येस चालती. पर उजव्या खुब्याला जपती, तिथं काय तरी हाय." "ह्यो मानूस नाटकी. दुखत न्हाई, घरच्यांना दाखवतोय." त्या नाटकी माणसाची बायको आमच्या शेजारीच बसली होती. ती तात्यांकडे वळली. मला वाटलं, आता संपलं. तर ती म्हणाली, "बाबा, मी हेच सा महिने बोंबलून सांगती, माझं कोन ऐकंना." आणि तिनं पिशवीतली दोन केळी तात्यांना दिली.

त्या व्हरांड्यात एकच माणूस तात्यांना मनापासून आवडला. कारभारी नावाचे तिथले वॉर्डबॉय. बॉय म्हणायचं एवढंच, वय साठीला टेकलेलं. ते सारखे इकडून तिकडे, कधी एक्स-रेची पाकिटं, कधी रिकामी खुर्ची ढकलत. तात्या मला कोपरानं ढोसून म्हणाले, "विजे, ही चाल बघ. पाऊल कसं सरळ पडतंय, कुठं वढाताण न्हाई. असा बैल बाजारात वर्षातून एकदा येतो." मी म्हटलं, "तात्या, हळू." ते म्हणाले, "चांगलं बोलतोय की, हळू कशापायी?"

मग डॉक्टर अमृत यांनी आत बोलावलं. आत्या, मी काय कल्पना केली होती आणि काय निघालं! एवढी हाडं कापणारा माणूस मला पैलवानासारखा दिसत होता. प्रत्यक्षात आपल्या शाळेतल्या चित्रकलेच्या सरांसारखा बारका, बोलणं हळू, बोटं लांब. त्यांनी कुठं दुखतं हे विचारलंच नाही. विचारलं, "आजोबा, तुम्हाला काय काय करायचंय?" तात्या म्हणाले, शुक्रवारी सहा घंटे बाजारात उभं राह्यचंय, आन् जमलं तर पंगतीत खाली मांडी घालून बसायचंय. डॉक्टरांनी दोन्ही गोष्टी कागदावर लिहून घेतल्या. लिहून घेतल्या, आत्या! माझ्या बापाला काय करायचंय, हे आजवर कुणी लिहून घेतलं नव्हतं. मीसुद्धा नाही.

मग त्यांनी समजावून सांगितलं, आणि तुमच्या करवतीच्या शंकेचं उत्तर इथं आहे, म्हणून नीट ऐका. गुडघा उपटून काढत नाहीत. वरच्या आणि खालच्या हाडाची झिजलेली टोकं तेवढी बोटाच्या अर्ध्या पेरापेक्षाही कमी घासतात, आणि त्यावर धातूची टोपी बसवतात, दाताला बसवतात तशी. मध्ये एका कडक प्लास्टिकची गादी. बाकी हाड देवाचंच. पण डॉक्टर म्हणाले, हाड घासणं हे सोपं काम, त्यात यंत्रंही मदत करतात. खरं अवघड म्हणजे गुडघ्याच्या दोन्ही अंगांचे जे पट्टे असतात, त्यांचा ताण पाय सरळ असताना आणि वाकवला असतानाही सारखा ठेवायचा. एक बाजू सैल राहिली तर माणूस डुगडुगतो, घट्ट झाली तर पाय वळत नाही. म्हणाले, हजारो गुडघे केले तरी त्या क्षणाला मी अजून घड्याळ बघत नाही. हे ऐकून तात्या पहिल्यांदा पुढे सरकून बसले. म्हणाले, "म्हंजी जुवासारखं. दोन्हीकडच्या सापत्या, गळ्याखालचं पट्टं, सारख्या आवळाव्या लागत्यात, न्हाय तर एका बैलाच्या मानंला गळू होतं." डॉक्टरांनी जू कसं बांधतात ते विचारून घेतलं, पूर्ण, दोन वेळा. मी बाजूला बसून बघत होते, दोन कारागीर एकमेकांना आपापलं गुपित सांगत होते आणि मध्ये टेबलावर माझ्या बापाचा एक्स-रे पडला होता.

आता जे झालं ते लिहायला मला लाज वाटते. तात्यांना माणूस पटला की ते काय करतात हे तुम्हाला ठाऊकच आहे. त्यांनी खांद्यावरचा टॉवेल काढला, आपल्या उजव्या हातावर टाकला आणि हात डॉक्टरांपुढे केला. बाजारात टॉवेलाखाली बोटं दाबूनच सौदा होतो, तोंडानं आकडा कुणी बोलत नाही. तात्यांना एवढंच ठरवायचं होतं की किती शुक्रवार बुडतील. डॉक्टर क्षणभर गोंधळले, मग त्यांनी अगदी मायेनं टॉवेलाखाली हात घातला आणि तात्यांची नाडी मोजली. तात्यांनी दोन बोटं दाबली. डॉक्टर म्हणाले, "चांगली आहे." तात्यांना वाटलं, दोन शुक्रवारांवर सौदा झाला! मला मध्ये पडून दोघांनाही समजावावं लागलं. डॉक्टर इतके हसले की त्यांचा चष्मा खाली आला, आणि मग त्यांनी स्वतःहून पुन्हा टॉवेलाखाली हात घातला आणि आधी पाच, मग एक, अशी सहा बोटं दाबली. तात्यांनी चार केली. डॉक्टरांनी सहा. तात्यांनी पाच. डॉक्टरांनी सहा. तात्या हात काढून घेत म्हणाले, "ह्यो गडी मोडायचा न्हाई."

वर डॉक्टर म्हणाले, "आणि आजोबा, बाजाराचं मी बऱ्यापैकी छातीठोक सांगतो. मांडीचं कबूल करत नाही. काहींना जमतं, काहींना नाही. तुम्हाला नाही जमलं तर मला बोल लावू नका." मला वाटलं, आता तात्या उठतात. पण बाहेर आल्यावर ते म्हणाले, "खोड आधी सांगनारा यापारी पन्नास वर्सांत मला दोनच भेटले. त्यातला एक मी." (संस्कृती, हे वाक्य दोनदा वाच.)

वाल्मिक तोवर टेबलावरचा नमुन्याचा गुडघा हातात घेऊन खिडकीपाशी उभा होता. आत्या, हा मुलगा कशाचंही कौतुक करत नाही. त्याच्या लग्नात मुलगी कशी वाटली विचारलं तर म्हणाला होता, "चालेल." त्यानं त्या धातूवर नख फिरवलं, मग उजेडात धरून त्यात स्वतःचं तोंड बघितलं, मग खिशातून कारखान्याचं मापाचं हत्यार काढून मोजायला लागला. बऱ्याच वेळानं म्हणाला, "ताई, ह्याला एक सरळ रेघ न्हाई. सगळी गोलाई, आन् प्रत्येक ठिकाणी येगळी. हे ज्यानं घासलंय ना, त्याचं मशीन मला नुसतं लांबून बघू द्या." आणि त्यानं तो गुडघा दोन्ही हातांनी, देव्हाऱ्यातला ठेवतात तसा, टेबलावर ठेवला.

मग आम्हाला मागच्या इमारतीत पाठवलं. तिथं पूजाताई. ह्या डॉक्टर आहेत पण सुई टोचणाऱ्या नव्हेत. पुण्याच्या एका कॉलेजातून संशोधनासाठी इथं येतात. वय माझ्याहून दहा वर्षांनी कमी, पायात साध्या चपला, आणि डोक्यात माणूस कसा चालतो ह्याशिवाय दुसरा विषय नाही. त्यांच्या पुण्याच्या प्रयोगशाळेत म्हणे एक यंत्र आहे, त्यात नुसता गुडघा चालतो, वर माणूस नाही. रात्रंदिवस, महिनोन् महिने, पन्नास लाख पावलं. मग ती गादी बाहेर काढून वजन करतात, किती झिजली ते बघायला. चांगली असली तर ज्वारीच्या दाण्याएवढीसुद्धा नाही. तात्यांनी विचारलं, "त्याला वैरन काय?" त्या म्हणाल्या, "वीज." तात्यांना ते पटलं नाही, पण पन्नास लाखांना ते मान तुकवून गेले.

आणि त्यांनी एक गोष्ट सांगितली, ती तुम्हीही ऐका. त्या म्हणाल्या, हे सांधे पहिल्यांदा ज्या लोकांची मापं घेऊन केले ते लोक खुर्चीवर बसणारे. आपली माणसं उकिडवी बसतात, खुरपायला बसतात, धार काढायला बसतात. ह्या बसण्याची मापंच कुणी फारशी घेतली नव्हती. म्हणून ती बाई गेली चार वर्षं नगर जिल्ह्यातल्या बायाबापड्यांची बसायची रीत मोजते आहे, अंशाअंशानं. मी मनात म्हटलं, आपण जन्मभर जमिनीवर बसतो आणि ते कुणी मोजण्यासारखं आहे असं आपल्याला कधी वाटलं नाही.

कॅमेऱ्याला चाल टिपता यावी म्हणून त्यांनी तात्यांच्या अंगावर चमकणाऱ्या बारीक गोळ्या चिकटवल्या. त्यासाठी धोतराऐवजी अर्धी चड्डी घालायची असते. तात्यांनी जो चेहरा केला तो बघून पूजाताईंनीच धोतर पैलवानासारखं वर खोचायची परवानगी दिली. मग त्या म्हणाल्या, धार काढायला बसता तसं बसून दाखवा. तात्या म्हणाले, "गाईबिगर कसं बसू?" झालं. शेवटी गाय म्हणून एक लोखंडी खुर्ची उभी केली. तात्यांनी तिच्या पाठीवर थाप मारली, "हो, हो" केलं, आणि खाली बसायला लागले. अर्ध्यात थांबले. काठीवरची बोटं पांढरी पडली. सगळी खोली बघत होती. मग तात्या सरळ झाले आणि म्हणाले, "ही गाय मारकी हाय. तिला आज नगं." पूजाताई लगेच म्हणाल्या, "हो आजोबा, ती कालपण नीट नव्हती." आत्या, मी त्या बाईला मनातल्या मनात तिथंच नमस्कार केला.

आता जरा थांबून पुढचं ऐका. (संस्कृती, पाणी पी.)

तात्यांना चालवून झाल्यावर पूजाताईंनी त्यांना पडद्यासमोर बसवलं. पडद्यावर माणूस दिसत नाही. नुसते ठिपके आणि ठिपक्यांना जोडणाऱ्या रेघा, काळ्या पडद्यावर चालणारा सांगाडा. व्हरांड्यातले तात्यांचे निकाल त्यांच्या कानावर गेले होते, म्हणून गंमत म्हणून त्यांनी जुनी चित्रं लावली आणि विचारलं, काय दिसतं? तात्या सांगत गेले. पहिला डाव्या पायावर वजन टाकत नाही. दुसरी बाई, कंबर दुखती. तिसरा धडधाकट. पूजाताई प्रत्येक वेळी आपला कागद बघत होत्या आणि त्यांचे डोळे मोठे होत होते. कॉम्प्युटर हेच सांगायला अर्धा तास घेतो, असं त्या म्हणाल्या. चौथा ठिपक्यांचा माणूस आला. तात्या त्याच्याकडे बराच वेळ बघत राहिले. मग त्यांचा आवाज उतरला. म्हणाले, "ह्याचं दोन्ही गेलंय. नुसता जिद्दीवर चालतोय. ह्याला अजून कामाला जुंपत्यात व्हय? घरच्यांना डोळं न्हाईत का?"

पूजाताई खाली बघत हळूच म्हणाल्या, "आजोबा, हे तुम्ही आहात. मघाचेच."

आत्या, मी तुमच्याशी खोटं बोलणार नाही. पन्नास वर्षं जो माणूस सगळ्यांची चाल बघत आला, त्याची चाल आम्ही कुणी बघितली नाही. ते गेल्या दिवाळीपासून खुर्चीवर बसून जेवतात. मी समजले, वय झालं. ते पायरी आडवे होऊन उतरतात. मी समजले, सवय. आई असती तर तिनं पहिल्याच दिवशी ओळखलं असतं. तिला जाऊन सहा वर्षं झाली, आणि मी मुलगी, मला दिसलं ते एका यंत्रात, तेही दुसऱ्या कुणी बोट दाखवल्यावर.

तेवढ्यात कारभारी पाणी घेऊन आले. तात्यांचं तोंड बघून त्यांनी विचारलं, काय झालं, आणि कळल्यावर पँट गुडघ्यांवर सरकवली. दोन्ही गुडघ्यांवर मधोमध उभी शिवण, बुजून पांढरी झालेली. "दोनी डाक्टरसाह्यबांनी केलेत, बाबा. सा वर्सं झाली." तात्या उठले. त्यांनी वाकून त्या गुडघ्यांवरून तळहात फिरवला, बैलाच्या पायावरून फिरवतात तसा, वरून खाली. मग कारभारींना त्या खोलीतून तीनदा चालायला लावलं. जाताना, येताना, वळताना. शेवटी खुर्चीवर, म्हणजे गाईवर, बसले आणि म्हणाले, "सकाळपासनं बघतोय. मला न्हाई धरता आलं." आत्या, घोडेगावच्या बाजारात हे वाक्य तात्यांच्या तोंडून कुणी ऐकलेलं नाही. आणि ते म्हणताना त्यांचा चेहरा हरल्यासारखा नव्हता. लहान मुलानं पहिल्यांदा विमान जवळून बघावं तसा होता.

बुधवारला ते हो म्हणाले. आता सगळं तुमच्यावर आहे. ह्या माणसांनी देवाच्या कामात ढवळाढवळ केली असं मला वाटत नाही. इतकी मान खाली घालून, इतकं मोजूनमापून काम करणारी माणसं मी देवळातही कमी बघितली आहेत.

बाकी भेटीत. खोकल्याला जपा.

तुमची भाची,
विजयमाला

ता. क. आत्या, वर मी लिहिलं की तात्यांना तुमची परवानगी हवी आहे. ते खरं नाही. खरं लिहायचा धीर होत नव्हता. परत येताना पांढरीच्या पुलाशी तात्या माझ्याकडे वळले. मग म्हणाले, "पोळ्याला आक्का वसरीची पायरी कशी चढली, ध्यानात हाय का? आधी डावा पाय, मग भिंतीला हात, मग उजवा वढून. मला तवाच दिसलं हुतं. बोललो न्हाई." आणि त्यांची अट ही की बुधवारी टेबलावर चढण्याआधी तुमचे गुडघे डॉक्टरांना दाखवायचे. ऑपरेशन लागलं तर पहिला नंबर तुमचा, ते मागून. म्हणाले, "जल्मभर तिनं आधी मला वाढलं आन् मग उरलं तर खाल्लं. ह्या येळंला तिचं ताट आधी." मी खूप समजावलं. पण तुम्हीच वाढवलेला माणूस आहे, हट्ट कुणाचा घेतलाय ते मी काय सांगू. सोमवारी सकाळी सातला वाल्मिक गाडी घेऊन येतो. नाही म्हणू नका. तुम्ही नाही म्हणालात तर दोघांचेही राहतील.

ता. ता. क. (संस्कृती, हे फक्त तुझ्यासाठी, मोठ्यानं वाचायचं नाही.) आता आजी म्हणेल, माझं गुडघं ठनठनीत हायेत. वाद घालू नकोस. तिला म्हण, शेळी सुटलीय, आणि ती उठून दारापर्यंत जाईल तेवढं मोबाईलमध्ये घे आणि मला पाठव. पूजाताई वाट बघताहेत. मात्र फोन पदराआड धर, तिला कळू देऊ नकोस. कळलं तर ती सरळ चालून दाखवील.